मधुमेह: ताट, चाल आणि काढे मीटर लावून पारखायचे कसे

सातारा-सांगलीकडे कुणाची 'शुगर निघाली' की आठवड्याच्या आत घरात मेथीदाणे, जांभूळबियांची पूड, लाकडी पेला आणि पाहुण्यांनी सांगितलेला एखादा काढा येऊन पडतो. त्यातलं थोडं उपयोगी असतं, बरंचसं निरुपद्रवी असतं आणि काही सरळ घातक असतं. कोणतं कशात मोडतं हे ओळखण्यासाठी तीन गोष्टी लागतात: मधुमेह कोणत्या प्रकारचा आहे, चालू गोळ्यांत कोणतं औषध आहे आणि घरच्या ग्लुकोमीटरवर नीट तपासणी कशी करायची. या तीन गोष्टी हाताशी असल्या की कुठल्याही सल्ल्याची पारख घरबसल्या होते.

आधी प्रकार ओळखा

टाइप १ मध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीरानेच मारून टाकलेल्या असतात. इथे इन्सुलिनला कोणताही पर्याय नाही. पथ्य, योग, काढा काहीही करा, इन्सुलिन बंद केलं की दोन-तीन दिवसांत, कधी त्याआधीच, रक्तात आम्ल साचतं. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरात चालणारा श्वास, तोंडाला गोडसर फळासारखा वास ही त्याची लक्षणं. असं दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. पोर दहा वर्षांचं असो की माणूस चाळिशीचा, वजन भराभर उतरत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, तर आधी प्रकार ठरवून घ्या आणि मगच बाकीचं बोला.

बहुतेकांना असतो तो टाइप २. यात इन्सुलिन तयार होतं, पण यकृत आणि स्नायू त्याला दाद देत नाहीत. यकृतात आणि पोटात साठलेली चरबी हे त्याचं मोठं कारण. हात-पाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, अशा माणसालाही हा होतो, त्यामुळे 'मी कुठं जाड आहे' या समाधानात राहू नका. यकृताचं आणखी एक काम लक्षात ठेवा: पहाटे ते स्वतःच साखर बनवून रक्तात सोडतं. म्हणून रात्री जेवण टाळूनही सकाळची उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसते. 'काल तर काहीच खाल्लं नाही' म्हणून मीटरला दोष देण्यात अर्थ नाही.

निदानाचे आकडे असे: उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम (दर डेसिलिटर रक्तामागे) किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त. ठळक लक्षणं नसतील तर एकाच तपासणीवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे ज्याला लोक 'बॉर्डरवर' म्हणतात ते. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. भारतातच झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात आहार आणि व्यायामाने पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन गोळीने ते २६.४ टक्क्यांनी कमी झालं होतं.

एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. पण अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवतो. लोहाच्या कमतरतेत तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, तर नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त दिलं-घेतलं असेल तर कमी. बायकांमध्ये पंडुरोग, म्हणजे रक्त कमी असणं, इतका सर्रास आहे की एचबीएवनसीबरोबर हिमोग्लोबिनही बघणं शहाणपणाचं.

गोळीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं

पाकीट उजेडात धरून घटक वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही असेल तर ही गोळी जेवण असो वा नसो इन्सुलिन सोडायला लावते. म्हणजे जेवण चुकलं, काढ्याने साखर आणखी उतरली किंवा चालणं जास्त झालं, की साखर घसरते. इन्सुलिन टोचणाऱ्यांचंही तेच. गोळीच्या नावापुढे 'एम' दिसला म्हणून ती नुसती मेटफॉर्मिनची समजू नका. बऱ्याचदा त्यात ग्लिमेपिराइडही असतं.

नुसतं मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन असेल तर साखर धोकादायक उतरण्याची शक्यता फार कमी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्व तपासत राहावं, शाकाहारी असतील तर नक्कीच. पायांना मुंग्या येतात तेव्हा दोष मधुमेहाचा असेलच असं नाही, कधीकधी तो बी-१२ चा असतो आणि तो भरून काढता येतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कडक उपवास किंवा अगदी कमी पिठाचा आहार डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये, कारण या गोळ्यांवर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं.

मीटरने घरी चाचणी

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला गूळ, पेढा किंवा द्राक्षाचा रस लागलेला असेल तर आकडा शंभरानेही चढू शकतो. हात धुतलेले नसतील तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. सुई बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. बोट पिळू नका, हात खाली सोडून रक्त येऊ द्या. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी चुकीचं दाखवते, आणि पावसाळ्यात कोयना-महाबळेश्वरच्या बाजूला हे हमखास होतं. मीटर आणि लॅब यांच्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्यच असतो, म्हणून १४० आणि १५२ यांच्यात फरक शोधत बसू नका.

सर्वात कामाची पद्धत म्हणजे जोडीने तपासणं. जेवणाचा पहिला घास घेण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. हात धुऊन उठल्यापासून नाही, पहिल्या घासापासून. दोन आकड्यांतला फरक ४० ते ५० च्या आत असेल तर ते ताट तुम्हाला मानवतं. ८० च्या पुढे गेला तर ताटातलं काहीतरी बदलायला हवं. रोज करायची गरज नाही. एका आठवड्यात चार-पाच जोड्या, वेगवेगळ्या जेवणांच्या, वहीत लिहिल्या तरी पुरे. तारीख, काय खाल्लं, किती, दोन्ही आकडे, आणि जेवणानंतर चालणं झालं का, एवढंच लिहायचं.

ताट

भाकरीबद्दलचा मोठा गैरसमज आधी दूर करू. ज्वारी पौष्टिक आहे, तंतू आहेत, पण भाकरीनेही साखर वाढते. एकदा पीठ काट्यावर मोजून भाकरी थापा. आपल्याकडची बेताची भाकरी ६० ग्रॅम पिठाची असते, त्यात ४० ग्रॅमच्या वर पिष्ट पदार्थ असतात. घरची छोटी चपाती ३० ग्रॅम पिठाची, त्यात साधारण २०. म्हणजे एक भाकरी दोन चपात्यांएवढी. 'चपाती सोडली, आता फक्त दोन भाकऱ्या' म्हणणाऱ्याची साखर वाढण्याचं कारण इथे आहे. एका वेळी एक भाकरी किंवा दोन चपात्या ठेवा, भात हवा असेल तर त्यातली अर्धी भाकरी काढून टाका. दीड वाटी शिजलेला भात म्हणजे एका भाकरीचा हिशोब.

जी जागा रिकामी झाली ती कडधान्याने भरा. अख्खा मसूर तर कराड-इस्लामपूरकडे हॉटेलांचं वैभव आहे. तोच घरी तेल बेताचं घालून केला, वाटी दीड वाटी घेतला, तर एका भाकरीवर पोट भरतं. कोरेगावचा घेवडा, मटकीची मोड आलेली उसळ, चवळी, पिठलं, सगळं चालतं. यांतही पिष्ट आहेच, पण प्रथिनं आणि तंतू भरपूर असल्याने साखर हळू चढते. अंडी, मासे, चिकन खाणाऱ्यांनी तांबडा रस्सा नुसता न ओरपता त्यातले तुकडे खावेत, आणि रश्श्याबरोबरची भाकरी मोजावी.

क्रमही महत्त्वाचा. आधी काकडी-कांद्याची कोशिंबीर आणि भाजी-उसळ, मग भाकरी, भात सगळ्यात शेवटी. पदार्थ तेच ठेवून फक्त क्रम बदलला तरी जेवणानंतरचा चढ कमी होतो. जोडीने तपासून दोन्ही रीतीने बघा, पटेल.

आता गोडाकडे. गूळ चालतो हा समज गुऱ्हाळांच्या मुलखात घट्ट रुजलेला आहे, पण १० ग्रॅम गुळात ९ ग्रॅमच्या आसपास साखरच असते. रसायनविरहित गूळ असला तरी तेवढीच. काकवीही त्यातलीच. उसाचा एक पेला रस म्हणजे २५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर, तीही चावायला काही नसलेली. चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप, म्हणजे ४० ग्रॅम. कांदी पेढ्यावर चिडण्याआधी हा चहा मोजा. साताऱ्यात पेढा रोज खाणारे कमी, चहा रोज पिणारे सगळेच.

तासगावचे बेदाणे 'सुका मेवा' म्हणून मूठभर खाल्ले जातात. ३० ग्रॅममध्ये २२-२३ ग्रॅम कर्बोदकं येतात, त्यातली बहुतेक साखरच. बदाम आणि बेदाणे एकाच मुठीत असले तरी त्यांचा हिशोब वेगळा. द्राक्षं १०० ग्रॅमला १७ ग्रॅमच्या आसपास, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तेवढ्याच वजनाला ७-८. फळ खायचंच असेल तर स्ट्रॉबेरी, पेरू, जांभूळ पुढे ठेवा. भडंग हा सांगलीचा जीव, पण चिरमुरे हवेने फुगलेला तांदूळच. वाटीभर भडंगात फुटाणे आणि शेंगदाणे निम्मे करा, चिरमुरे निम्मे. चवही टिकते आणि मीटरही फारसा हलत नाही.

चालणं आणि वजन

स्नायू चालू असताना ते इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून सकाळी एकदम तासभर चालण्याइतकंच, जेवण झाल्यावर १०-१५ मिनिटं चालणंही मोलाचं, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतर. आठवड्याला एकूण १५० मिनिटं भरावीत. त्यात दोन दिवस ताकदीचे व्यायाम घाला: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. अजिंक्यतारा किंवा यवतेश्वरचा घाट चढणाऱ्यांनी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी जाऊ नये आणि खिशात ग्लुकोजची पूड ठेवावी. उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटतात. बधिर पायांना ते कळत नाही.

योगासनांनी ताण उतरतो, काहींची साखरही थोडी उतरते. पण डोळ्याच्या पडद्यावर नवीन नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर शीर्षासन, सर्वांगासन आणि जोरकस कपालभाती टाळा. डोळे तपासल्याशिवाय हे कळायचं नाही.

टाइप २ 'मुळापासून जातो का' हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. प्रामाणिक उत्तर असं: काहींचा मागे हटतो. ब्रिटनमधल्या २०१७ च्या डायरेक्ट या चाचणीत, निदान होऊन सहा वर्षांच्या आतल्या लोकांनी देखरेखीखाली खूप कमी उष्मांकाचा आहार घेतला. वर्षअखेर ४६ टक्के लोक गोळ्यांविना मधुमेहाच्या रेषेखाली आले. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. किमया वजन उतरण्याची होती, कुठल्या खास पदार्थाची नाही. वजन पुन्हा चढलं की मधुमेहही परततो, म्हणून वर्षाला एचबीएवनसी चालूच ठेवायचं. जुना मधुमेह असेल, इन्सुलिनवर असाल किंवा मुळात अंग सडपातळ असेल, तर ही शक्यता कमी होत जाते.

दोन वेळाच जेवायचं, मधे काही खायचं नाही, ही पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे. तिने वजन उतरतं हे खरं. पण ती सुरू करण्याआधी गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यायला हवा. डोस तोच आणि खाणं अर्धं, यातून माणूस चक्कर येऊन पडतो.

काढे, चूर्णं, पेले

मेथीदाण्याला बऱ्यापैकी आधार आहे. त्यातले चिकट तंतू साखरेचं शोषण मंदावतात. ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट चावून खा. नुसतं पाणी पिऊन दाणे टाकले तर तंतू टाकल्यासारखंच. आठवड्याने १० ग्रॅमपर्यंत जा. पोट गच्च होत असेल तर तिथेच थांबा. थायरॉइडची किंवा इतर गोळी आणि मेथी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गरोदरपणात इतक्या मात्रेने घेऊ नका.

कारल्याची भाजी खुशाल खा. रस काढून रोज पेलाभर पिणं वेगळं. पोट बिघडतं, आणि ग्लिमेपिराइडबरोबर साखर घसरू शकते. दुधीच्या रसाबद्दल तर कडक नियम पाळा: कच्च्या दुधीचा तुकडा आधी जिभेला लावायचा, कडू लागला तर आख्खा दुधी फेकून द्यायचा. कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याच्या आणि माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत.

विजयसार म्हणजे आपल्याकडचा बिबळा. त्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी तपकिरी होतं आणि उजेडात निळसर झाक मारतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्यानेच निदान झालेल्या, सौम्य रुग्णांत विजयसारने साखर उतरल्याचं दिसलं. पण तिथे मोजून दिलेला अर्क होता, पेल्यातलं पाणी नव्हे. पेल्यातून किती अर्क उतरतो हे लाकडावर आणि पेला किती जुना त्यावर बदलतं. गुडमारचं पान चघळलं की काही वेळ गोड चव लागत नाही, हा त्याचा गुण खरा. गोडाची ओढ कमी करायला त्याचा उपयोग होऊ शकतो. कुंडीतलं 'इन्सुलिनचं झाड' नावापुरतं. इन्सुलिन हे प्रथिन आहे, ते गिळलं तरी पोटात पचून जातं, म्हणून तर ते टोचावं लागतं. सांगलीची हळद भाजीत हवीच, पण चिमूटभर हळदीने साखर उतरत नाही. बाजारातली जाड सालीची दालचिनी रोज चमचाभर घेतली तर तिच्यातल्या कुमारिन या घटकाचा यकृताला त्रास होऊ शकतो.

सगळ्यात मोठा धोका लेबल नसलेल्या पुडीचा. अशा पुड्यांत मेटफॉर्मिन, ग्लिबेनक्लामाइड किंवा स्टिरॉइड मिसळल्याचं तपासण्यांत सापडलेलं आहे, काही भस्मांत शिसं आणि पारा. 'चार दिवसांत शुगर निम्मी' असं झालं तर आनंद मानण्याआधी शंका घ्या. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने गुन्हा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

काहीही नवीन सुरू करायचं तर चाचणी अशी घ्या. पहिला आठवडा काही न बदलता वहीत जोड्या लिहा. मग एकच गोष्ट सुरू करा, मेथी तर मेथी, आणि न्याहारी, गोळ्या, चालणं तसंच ठेवून दोन आठवडे मोजा. एकाच वेळी मेथी, पेला आणि दोन वेळचं जेवण सुरू केलं तर गुण कशाचा हे कधीच कळत नाही. आयुर्वेदिक वैद्यांचं औषध असेल तर त्याचं नाव दोन्ही डॉक्टरांना सांगा. आकडे सलग ९०-१०० च्या खाली येऊ लागले तर गोळी आपणहून तोडू नका, वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस कमी करण्याचं कारण त्या वहीतच असतं.

उपवास आणि वारी

साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. एक प्लेट खिचडी दोन भाकऱ्यांपेक्षा जास्त साखर चढवते, आणि बटाटा घातला तर आणखी. एकादशीला शेंगदाण्याची आमटी, दही-काकडी, ताक, आणि वरईचा भात अर्धीच वाटी, असं ताट करा. निर्जळी उपवास गोळ्या-इन्सुलिनवर असणाऱ्यांनी करू नये.

माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा मुक्काम करत सातारा जिल्ह्यातून जाते. वारीत चालणाऱ्यांनी अनवाणी चालण्याचा नेम मधुमेहापुरता बाजूला ठेवावा, सुती मोजे दिवसातून एकदा बदलावेत. इन्सुलिन उन्हात तापू देऊ नये. उघडलेली बाटली ३० अंशांच्या खाली साधारण २८ दिवस टिकते. फ्रीज नसेल तिथे एका मातीच्या मडक्यात दुसरं छोटं मडकं, मधे ओली वाळू, हा उपाय चालतो. बर्फाला चिकटवून ठेवलेलं, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजा. बाटली ४० युनिटची असेल तर लाल टोपणाचीच सिरिंज घ्या. १०० युनिटच्या नारिंगी टोपणाच्या सिरिंजने मापली तर डोस चुकतो.

साखर घसरली तर

घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. मीटरवर ७० च्या खाली असेल, किंवा मीटर जवळ नसेल तरीही, तीन चहाचे चमचे ग्लुकोज पूड अर्धा पेला पाण्यात घालून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या. वर आल्यावर अर्धी भाकरी किंवा चपाती खायला द्या. साधी साखरही चालते, पण गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर नाही. त्या गोळ्या साखर आणि गूळ फुटू देत नाहीत, मग चार चमचे साखर देऊनही माणूस सावरत नाही. अशा घरात ग्लुकोजचा डबा हवाच. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडमुळे घसरलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून एकदा सावरला तरी त्या रात्री एकटं सोडू नका.

पाय, डोळे, मूत्रपिंड

रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवा आरशात बघा. उसाच्या तोडलेल्या फडात उभे राहिलेले बुडखे चप्पल फोडून पायात शिरतात, आणि बधिर तळव्याला ते रक्ताने पायमोजा भिजल्यावरच कळतं. फडात बूट घालूनच जा, घालण्याआधी उलटे करून झटका. कुरूप ब्लेडने कापू नका, कुरूपाची पट्टी लावू नका, गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेऊ नका. जखम दोन दिवसांत सुकायला लागली नाही, लाल होऊन सुजली किंवा वास यायला लागला तर दाखवायला उशीर करू नका.

वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण आणि रक्तातलं क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि पायांची संवेदना तपासून घ्या. पडदा आणि मूत्रपिंड बिघडायला लागतात तेव्हा काहीच दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट बघायची नाही. रक्तदाब बहुतेकांचा १३०/८० च्या आसपास हवा.

तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब तपासणी गावच्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात तेव्हा घरातल्या सगळ्यांची नावं द्या, 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्याचं आधी. पुढच्या तपासण्यांसाठी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, तर सांगली-मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं, घेत असलेल्या चूर्णाची डबी आणि आकड्यांची वही, तिन्ही एका पिशवीत घालून न्या.